राब आणि राखीव रान : उत्तर कोकणातील जंगलतोड व शब्दांची साक्ष

उत्तर कोकणातील भातशेतीचा आरंभ मृगाच्या पावसाने होतो असे वरवर पाहणारास वाटते. वस्तुतः तो त्यापूर्वी चार-पाच महिने झालेला असतो. थंडी सरत आली की शेतकरी ऐन, किंजळ इत्यादी झाडांच्या फांद्या कोयत्याने छाटून वाळत टाकतो. या छाटलेल्या डहाळ्यांस कवळ म्हणतात. पुढे शेताच्या एका उंचशा तुकड्यावर खाली शेण, त्यावर कवळ, त्यावर गवत व पातेरा आणि सर्वांवर बारीक मातीचा पातळ थर अशी रचना करून चैत्र-वैशाखात ती पेटवितात. आग वाऱ्याच्या उलट अंगाने लावावयाची, म्हणजे ती भडकत नाही, धुमसत राहते. वरची माती ज्वाळा दाबून धरते आणि खालची जमीन सावकाश तापते. असा भाजलेला तुकडा म्हणजे दाढ. पहिल्या पावसाबरोबर तेथे भात पेरावयाचे, आणि तीन-चार आठवड्यांनी रोपे उपटून, त्यांच्या मुठी बांधून ती खालच्या खाचरांत लावावयाची, असा क्रम आहे. जाळावयाच्या या सर्व सामग्रीस मिळून जो शब्द आहे तो राब.

राबाचा उपयोग काय, याविषयी गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत सरकारी अधिकाऱ्यांत मोठाच मतभेद होता. कित्येकांस ती केवळ अडाणी रूढी वाटे. जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञास भारतीय शेतीच्या पाहणीकरिता इंग्लंडहून पाठविण्यात आले. १८८९ ते १८९१ या काळात देशभर फिरून त्याने जो अहवाल लिहिला व जो १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात राबाची चर्चा आली आहे. आणि ती रूढीची थट्टा करणारी नाही. पुढे १९१२ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातील हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी या पद्धतीवर स्वतंत्र निबंध लिहिला. राखेतील क्षार हा राबाचा एक गुण झाला. परंतु जमीन तापल्याने तिच्यात जो पालट होतो त्याचाही रोपांच्या वाढीत मोठा वाटा आहे, हे त्यातून पुढे आले. तणाचे बी भाजून मरते, हे तर शेतकऱ्यास पूर्वीच ठाऊक होते. ज्या प्रदेशात पाऊस एकदा लागला की निंदणीस उसंत मिळत नाही, तेथे हा लाभ लहान नव्हे.

या तांत्रिक तपशिलाचा इतिहासाशी संबंध आहे. कोकणातील भाताचे खाचर हे एकटे उभे नसते. त्याच्या डोक्यावर झाडीचा एक पट्टा असावा लागतो. त्या झाडीतून दरवर्षी कवळ उतरावे लागते, आणि त्याच झाडीत चरणाऱ्या गुरांचे शेण दाढीवर यावे लागते. वरकस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डोंगरउतारांचा खाचराशी संबंध असा होता. त्यांवर नाचणी-वरी पिके, गवत वाढे आणि राब निघे. सारांश, झाडी हा शेताचाच एक भाग होता, फक्त तो नांगराखाली नव्हता. जंगलतोडीने मनुष्याचे काय नुकसान होते याचे उत्तर पर्जन्यमान, धूप, नद्यांतील गाळ यांच्या परिभाषेत देण्याची रीत आहे व ती योग्यही आहे. परंतु ठाणे व कुलाबा या जुन्या जिल्ह्यांचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास पाहता असे दिसते की, तेथील कुणबी, वारली, ठाकूर आणि कातकरी यांना जंगलतोडीची झळ दोनदा लागली. प्रथम झाडे गेली तेव्हा, आणि नंतर झाडे गेली म्हणून जो बंदोबस्त झाला त्याने. यांपैकी दुसरी झळ अधिक खोल होती, आणि तिच्या खुणा दफ्तरांइतक्याच त्या प्रदेशाच्या शब्दसंग्रहातही उमटल्या आहेत.

इंग्रजी अमलापूर्वी सह्याद्रीच्या पायथ्याची राने अस्पर्श होती, असे मानण्याचे कारण नाही. डोंगरउतारावरील झाडी तोडून, जाळून, दोन-तीन वर्षे नाचणी पिकवावयाची व नंतर तो तुकडा पडीक टाकून पुढे सरकावयाचे, ही दळीची शेती फार जुनी आहे. कानडा मुलुखात तिलाच कुमरी म्हणत. समुद्रकाठी गलबते बांधण्याचा धंदाही जुना होता. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे असताना त्या बाजूच्या लाकडावर त्यांची जहाजे उभी राहिली. मराठी राज्याच्या आरमाराची गरजही रानातूनच भागे. या संदर्भात रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्राचा दाखला वारंवार दिला जातो. त्यात आरमाराकरिता सागवानादी वृक्ष हुजुरच्या परवानगीने तोडावेत असे सांगून, आंबा-फणसादी झाडांस मात्र हात लावू नये, कारण ती रयतेने दीर्घकाळ लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असे बजावले आहे. हे वचन आजकाल पर्यावरणाच्या आस्थेचा पुरावा म्हणून उद्धृत होते. ते तसे नाही. तेथे विचार आहे तो झाडाच्या मालकाचा. झाड रयतेचे आहे, ते जीर्ण झाले तरी धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे, हा त्या सूचनेचा रोख आहे. आणि पुढील शतकात जे घडले त्याच्याशी ताडून पाहता नेमका हाच मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आला आणि १७५० मध्ये तेथे सुकी गोदी झाली. यानंतरच्या शंभर वर्षांत मुंबई हे सागवानी जहाजांचे मोठे केंद्र बनले. इंग्लंडातील ओकची राने नाविक युद्धांनी विरळ झाली होती, आणि सागवान ओकहून टिकाऊ ठरले. १८१७ साली मुंबईस पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज अद्याप इंग्लंडातील हार्टलपूल बंदरात जतन केलेले आहे. दोन शतकांनंतरही ते लाकूड शाबूत आहे, यावरून त्या वृक्षांचे वय व जात यांची कल्पना यावी. या सागवानाचा मोठा भाग मलबारातून येई. तेथे १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन याची जंगलांचा संरक्षक म्हणून नेमणूक झाली, आणि १८०७ मध्ये सागवानावर सरकारची मालकी जाहीर झाली. नावाला संरक्षण, प्रत्यक्षात ती कंपनीची लाकडाची मक्तेदारी होती. रयत व व्यापारी दोघेही त्रासले, आणि टॉमस मन्रोच्या सल्ल्याने १८२३ मध्ये ती जागा रद्द करण्यात आली.

उत्तर कोकण १८१७-१८ मध्ये पेशव्यांकडून इंग्रजांकडे आले. साष्टी त्याआधीच, १७७४ मध्ये गेली होती. वैतरणा, उल्हास, पाताळगंगा, अंबा या नद्यांच्या खाड्या दूरवर आत शिरलेल्या असल्यामुळे येथील लाकूड मुंबईच्या धक्क्यावर आणणे हे दख्खनच्या मानाने फार सोपे होते. ज्या मुलुखात गाडीरस्ता नव्हता तेथेही भरतीचे पाणी पोहोचत होते. या एका भौगोलिक गोष्टीने उत्तर कोकणच्या झाडीचे भवितव्य बरेचसे ठरविले, असे म्हणण्यास हरकत नाही. घराची तुळई, गलबताची फळी, चुलीचे जळण, स्मशानातील लाकूड, सर्व काही एकाच दिशेने वाहत होते.

रत्नागिरीकडे याच्या उलट प्रयोग झाला. १८२० नंतरच्या दशकात तेथील कलेक्टर डनलॉप याने सागवानावरील सरकारचा हक्क सोडून देणारा जाहीरनामा काढला. लोकांस मालकी मिळाली म्हणजे ते झाडे लावतील व जोपासतील, अशी त्यामागील अपेक्षा होती. झाडे तोडली गेली आणि मुंबईस गेली. मलबारात सरकारने हक्क घेतला तरी, व रत्नागिरीत सोडला तरी, परिणाम फारसा निराळा झाला नाही. मालकी कोणाची, यापेक्षा गिऱ्हाईक किती मोठे, हा प्रश्न निर्णायक होता. आणि मुंबईसारखे गिऱ्हाईक पश्चिम किनाऱ्यावर दुसरे नव्हते. वनऱ्हासाचा दोष कुणब्याच्या कोयत्यावर ठेवणाऱ्या लेखकांनी रत्नागिरीच्या या उदाहरणाकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. तेथे कोयता तोच होता. वाढली ती मागणी.

१८४७ मध्ये मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा जंगलांचा संरक्षक झाला. तो मूळचा शल्यवैद्य. पुण्याजवळील दापोडी येथील सरकारी वनस्पतिबागेचा तो अधीक्षक होता, आणि डॅल्झेलसमवेत त्याने सिद्ध केलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १८६१ मध्ये निघाला. डोंगरमाथ्यावरील झाडी गेली म्हणजे झरे लवकर आटतात व खाड्या गाळाने भरतात, ही गोष्ट त्याने कोकणात पाहिली व सरकारपुढे मांडली. जंगलतोड आणि पाणी यांचा संबंध जोडणाऱ्या आरंभीच्या निरीक्षकांत त्याची गणना करावी लागते. मात्र त्याच्याच काळापासून फिरत्या शेतीवर बंधने येऊ लागली. निदान बरोबर असूनही उपाय दुसऱ्याच रोग्यावर व्हावा, असा हा प्रकार होता.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८६३ मध्ये बोरघाट व १८६५ मध्ये थळघाट ओलांडून ती देशावर गेली. रुळांच्या प्रत्येक मैलास सुमारे १,८०० ते २,००० स्लीपर लागत, आणि उष्ण-दमट हवेत वाळवी व कुजणे यांमुळे ते वरचेवर बदलावे लागत. त्यांपैकी सर्वच काही येथील रानातून आले नाहीत. तथापि पूल, चौक्या, मजुरांच्या झोपड्या, विटांच्या व चुन्याच्या भट्ट्या यांस लागणारे लाकूड जवळपासचेच होते. त्यातच १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६४ च्या शिरगणतीत शहराची वस्ती आठ लाखांवर भरली. दगडी कोळसा गिरण्यांपुरता, रॉकेल अद्याप घरोघरी पोहोचावयाचे. अशा स्थितीत आठ लाख माणसांचा स्वयंपाक कशावर होत असेल, हा प्रश्न विचारला म्हणजे शहापूर, वाडे, कर्जत, पनवेल या बाजूंच्या डोंगरांचे काय झाले याचे उत्तर निराळे शोधावे लागत नाही.

जे लाकूड जावयाचे ते बरेचसे गेल्यावर कायदा आला. पहिला जंगल कायदा १८६५ चा. परंतु लोकांच्या जीवनावर खरा आघात झाला तो १८७८ च्या सातव्या कायद्याने. त्याच्या मसुद्यामागे जो वाद झाला तो भाषेच्या अभ्यासकासही उद्बोधक आहे. बेडन-पॉवेल याचे म्हणणे असे की, रानातून लाकूडफाटा, चारा व पाला घेण्याची जी वहिवाट आहे तिला हक्क म्हणता येणार नाही. राजसत्तेने डोळेझाक केली म्हणून चाललेली ती केवळ सवलत होय. मद्रास सरकारने व पुण्याच्या सार्वजनिक सभेने या दिशेस विरोध केला. बेडन-पॉवेलचा पक्ष बहुतांशी जिंकला. एकच कृती, म्हणजे वाडवडिलांपासून ऐनाची फांदी तोडणे, ही काल ज्या शब्दाने ओळखली जात होती तो शब्द बदलताच तिचे कायद्यातील रूप बदलले. सवलत ही देणाऱ्याच्या मर्जीची वस्तू आहे. ती मोजता येते, तिची मुदत ठरविता येते, ती काढूनही घेता येते.

राखीव जंगल ठरविण्याची रीत अशी होती : सरकारने हद्द जाहीर करावयाची, तीन महिन्यांहून कमी नाही अशा मुदतीत ज्याचा जो हक्क असेल तो त्याने लेखी किंवा समक्ष हजर राहून सांगावयाचा, जो हक्क सांगितला गेला नाही तो संपला असे धरावयाचे. कागदावर ही व्यवस्था न्याय्य दिसते. पण ज्याने राब हा कधी हक्क म्हणून कल्पिलाच नव्हता, श्वास घेण्याप्रमाणे तो जो करीत आला होता, त्याने अधिकाऱ्यापुढे जाऊन काय सांगावे? गावात ज्या गोष्टीवर कधी तंटा झाला नाही तिच्यासाठी कैफियत मांडण्याची भाषाही तयार झालेली नसते. जमिनीच्या बाबतीत वतन, मिरास, इनाम असा शब्दांचा भरभक्कम साठा मराठीत होता, कारण जमिनीवर शतकानुशतके भांडणे झाली होती. कवळावर भांडण नव्हते, म्हणून कवळाचे दस्तऐवज नव्हते. पुढे १९२७ च्या कायद्यात तर फिरती शेती ही सर्व बाबतींत सवलतच समजावी, असे स्पष्ट कलम घालण्यात आले.

ठाणे जिल्ह्यात १८८० नंतर राबाचा प्रश्न पेटला. जंगलखात्याचे म्हणणे, फांद्या छाटल्याने ऐनाची झाडे खुरटतात, त्यांचे इमारती लाकूड होत नाही. हे खरेच होते. छाटलेल्या ऐनास दोन-तीन वर्षांत पुन्हा धुमारे येतात व तो पुन्हा छाटता येतो. शेतकऱ्यास असाच बुटका, पसरट, पालेदार ऐन हवा होता, आणि खात्यास उंच, सरळ, बिनफांदीचा. एकाच झाडाकडून दोघांच्या अपेक्षा इतक्या भिन्न होत्या की, दोघेही ‘झाड’ हा शब्द एकाच अर्थाने वापरीत होते की नाही याची शंका यावी. तक्रारी वाढल्या, जिल्ह्यात जमीनदार व शेतकरी यांच्या वतीने संघटित अर्ज होऊ लागले. १८८३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला; त्यात गायराने गिळणाऱ्या जंगलखात्यावर त्यांनी ओढलेले कोरडे प्रसिद्धच आहेत. त्यांचा अनुभव मुख्यतः देशावरचा, पण व्यथा तीच. अखेर १८८५ मध्ये सरकारने मुंबई जंगल कमिशन नेमले आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. त्या अहवालाचे खंड उत्तर कोकणच्या ग्रामजीवनाचे जवळजवळ कोशच होत. राब, वरकस, दळी, चराई, सरपण यांविषयी इतक्या साक्षी अन्यत्र एकत्र आढळत नाहीत. कमिशननंतर बंधने काही ठिकाणी सैल झाली, काही हद्दींतून राबास मुभा मिळाली. मुभा मिळाली, हक्क परत आला नाही.

घरात याचा परिणाम कसा पोहोचला? व्होल्करने एक साखळी दाखवून दिली आहे, आणि ती केवळ कोकणापुरती नाही. सरपण मिळेनासे झाले की शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात. चुलीत गेलेले शेण शेतात जात नाही. शेताचा कस उतरतो. कोकणात या साखळीला आणखी दोन कड्या होत्या. रान बंद झाले की गुरे चुकून आत शिरत, ती धरून कोंडवाड्यात घातली जात आणि दंड भरून सोडवावी लागत. १८७१ च्या कायद्याने ही व्यवस्था पक्की झाली होती. दंडाचा कंटाळा येऊन गुरे विकली की शेण आणखी घटे. आणि शेण व कवळ दोन्ही घटली की दाढ नीट भाजत नसे, रोपे किडकी निघत. म्हणजे डोंगरावर झालेल्या बंदीचा परिणाम खाली खाचरातील भाताच्या लोंबीपर्यंत येऊन पोहोचे. व्होल्करने गावांसाठी सरपण व चाऱ्याची राने राखावीत अशी शिफारस केली. १८९४ च्या वनधोरणविषयक ठरावात शेतीच्या गरजांस अग्रस्थान देण्याची भाषा आली ती बव्हंशी त्याच्या अहवालामुळे. भाषा आली इतकेच.

शेतकऱ्याकडे निदान खाचर राहिले. ज्यांच्याकडे तेही नव्हते त्यांची स्थिती कातकऱ्यांच्या उदाहरणावरून कळते. या जमातीचे नाव तिच्या व्यवसायावरून पडले असे मानतात. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, तो रस आटवून कात पाडणारे ते कातकरी. काथोडी, कातवडी ही त्याच नावाची रूपे. खैर राखीव झाला, काताच्या भट्ट्यांवर बंधने आली, आणि धंदा हातचा गेला. नाव मात्र उरले. व्यवसायनामे मराठीत असंख्य आहेत, आणि व्यवसाय बदलल्यावरही ती आडनावांच्या रूपाने टिकतात. पण सबंध जमात अशा कामाच्या नावाने ओळखली जावी की जे काम तिला करू दिले जात नाही, हे उदाहरण विरळाच. विसाव्या शतकात याच लोकांना मुंबईच्या बाजारासाठी कोळसा पाडण्याच्या कामावर ठेकेदारांनी नेले. पावसाळ्यात खावटी उचलावयाची आणि ती उन्हाळ्यात भट्टीवर फेडावयाची, असा तो क्रम. ज्याने रान राखीव झाल्यामुळे धंदा गमावला, त्याच्याच हातून पुढे रान जाळून घेतले गेले. कोळशाचा धंदा मागे पडल्यावर वीटभट्ट्या आल्या; उचल आणि फेड यांचे गणित बदलले नाही. वारल्यांची हकीकत थोडी वेगळी आहे. त्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्या लग्नगड्यांचे वर्णन सिमिंग्टन याच्या १९३८ च्या अहवालात येते. तो विषय विस्ताराने येथे घेण्याचे कारण नाही. परंतु रानाचा आधार तुटल्यावर कर्जाशिवाय पावसाळा निभावणे अशक्य झाले होते, ही पार्श्वभूमी तेथेही ध्यानात ठेवावयास हवी.

आता शब्दांकडे वळावयाचे. मराठीतील रान हा शब्द संस्कृत अरण्यापासून, प्राकृत रण्ण या रूपातून आलेला. पण त्याचा अर्थ अरण्याहून सैल व माणसाळलेला आहे. देशावरचा शेतकरी रानात जातो तो शेतावर जातो; गुरे रानात जातात ती चरण्यास; रानभाजी ही आपोआप उगवलेली, पण खाण्याची. ज्या भाषेत शेत व झाडी यांस एकच शब्द चालतो, तिच्या बोलणाऱ्यांच्या व्यवहारात त्या दोहोंमध्ये कुंपण नसावे, असा तर्क करता येतो. आणि राबाची पद्धत त्यास पुष्टी देते. जंगल या शब्दाचा प्रवास निराळा. आयुर्वेदाच्या संहितांत जांगल म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडीचा देश. पाणथळ आनूप देशाच्या तो विरुद्ध. दाट झाडी हा अर्थ त्यास फार मागाहून चिकटला, आणि इंग्रजी कचेऱ्यांतून तो सर्वत्र पसरला. जंगलखाते, राखीव जंगल, जंगल कायदा, जंगल सत्याग्रह अशा सर्व जोडशब्दांत जंगल आहे, रान नाही. सरकारी व्यवहारात रानाचे जंगल झाले, आणि बोलीत दोन्ही शब्द राहिले ते भिन्न अर्थांनी.

याहून बोलके आहेत ते खाली झिरपलेले इंग्रजी शब्द. ठाणे-रायगडच्या पाड्यांवर ‘फारेस्ट’ म्हणजे झाडी नव्हे. तो शब्द खाते, खात्याची जमीन आणि खात्याचा माणूस या तिहींस मिळून आहे. ‘ही जागा फारेस्टची’ आणि ‘फारेस्ट आला’ ही दोन्ही वाक्ये तेथे सहज होतात, त्या जागेवर एकही झाड नसले तरी. त्याचप्रमाणे कूप. तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा भाग, या अर्थाचा हा शब्द मूळ फ्रेंच. तो इंग्रजी वनशास्त्रातून येथे आला आणि मजुरांच्या तोंडी इतका रुळला की, कूप तोडणे, कुपावर जाणे हे प्रयोग देशी वाटू लागले. संस्कृतात कूप म्हणजे विहीर. पण कुपावर जाणाऱ्यास त्याचे काय? दळीचीही तीच गत. राज्याने ठराविक हद्दीत, ठराविक माणसांस दळी करण्यास जे तुकडे तोडून दिले त्यांस ‘दळीप्लॉट’ हे नाव पडले. जी शेती फिरती होती तिलाच प्लॉट हा खुंटा ठोकला गेला. अर्धा शब्द डोंगराचा, अर्धा मोजणीदाराचा.

१९३० च्या कायदेभंगात जंगल सत्याग्रह हा महाराष्ट्राचा विशेष ठरला. समुद्रकाठी मिठाचा कायदा मोडता येई, आतल्या मुलुखात जंगलाचा. १० जुलै १९३० रोजी लोकनायक अणे यांनी पुसद येथे राखीव रानातील गवत कापले. कुलाबा जिल्ह्यात २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरजवळ अक्कादेवीच्या रानात सत्याग्रह झाला. तेथे पोलिसांनी गोळीबार केला आणि सत्याग्रही मृत्युमुखी पडले. या घटनेची मांडणी बहुधा स्वातंत्र्यलढ्याचा एक प्रसंग म्हणून केली जाते. ती चूक नव्हे, अपुरी आहे. राष्ट्रीय सभेने कायदा मोडण्यास सांगितले म्हणून पंचक्रोशीतील शेतकरी निघाले, हे खरे. पण त्यांच्या हातांत जे कोयते होते ते त्याच फांद्यांसाठी घडविलेले होते. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला, तेव्हाही वेठीच्या प्रश्नासोबत गवतकापणी व जंगलकामाच्या मजुरीचा प्रश्न पुढे आला. दाराशी असलेल्या रानात आता मजूर म्हणूनच प्रवेश उरला होता, म्हणून भांडण मजुरीचे होते. १९४७ नंतर मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या व ठेकेदारांऐवजी त्यांस कूप मिळू लागले. ठेकेदार काही अंशी हटला; झाडांची तोड त्याने थांबली नाही, थांबावी असा त्या योजनेचा हेतूही नव्हता. १९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणाने गावाच्या गरजा राष्ट्रहिताच्या आड येता कामा नयेत अशी भूमिका घेतली, आणि बेडन-पॉवेलचा विचार स्वराज्यात नव्या शब्दांनी वावरू लागला. तो बदलण्यास १९८८ चे धोरण यावे लागले.

कुलाबा जिल्हा १९८१ मध्ये रायगड झाला, ठाण्यातून २०१४ मध्ये पालघर निघाला. दळीचे तुकडे कसणारी कुटुंबे या सर्व काळात खात्याच्या लेखी बहुतांशी अतिक्रमण करणारी होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने हक्क हा शब्द प्रथमच त्यांच्या बाजूने कायद्याच्या नावात आणला, आणि पूर्वी ऐतिहासिक अन्याय झाला असे त्याच्या प्रस्तावनेत नमूद केले. त्याखालील २००८ च्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे तीत दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या माणसांचे, लेखी उतरवून घेतलेले निवेदन हाही एक पुरावा धरला आहे. म्हातारे माणूस अशा निवेदनात जमिनीची हद्द सर्व्हे नंबराने सांगत नाही. अमक्याची दाढ कोठे भाजत असे, कवळ कोणत्या ऐनांचे काढीत, दळी कोणत्या टेपावर होती, असे ते सांगते. आणि ग्रामसभेत बसलेला कोणी शिकलेला मुलगा ते प्रमाण मराठीत उतरवून घेताना कवळ या शब्दापाशी क्षणभर अडतो, कारण तो त्याच्या शाळेच्या पुस्तकात कधी आलेला नसतो.